आपली शिंदी आणि बाहेरचा खजूर



मे महिना निम्मा सरला की आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात ओढ्याकडेला आणि जुन्या विहिरींच्या काठावर शिंदीच्या झाडांना नारिंगी घोस लोंबू लागतात. सुगरणीचे खोपे ज्या झाडाला लटकतात, ज्याच्या पानांची केरसुणी आपण दिवाळीला लक्ष्मी म्हणून पुजतो, तेच हे झाड. गुरांमागची पोरे दगड मारून घोस पाडतात आणि फळे खिशात भरून चोखत हिंडतात. मोठी माणसे मात्र तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना खजूर हवा तो दुकानातला, डब्यातला, परदेशातून आलेला.

मागे पूर्व भागातल्या एका गावात बाजरीच्या बियाण्याची सभा होती. सभा उठता उठता एक सासूबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, सूनबाईला सहावा महिना लागलाय. दवाखान्यात रगत कमी सांगितलंय. दुकानदार म्हणतो, परदेशी काळा खजूर द्या, महिन्यात रगत भरतंय. डबा लई महाग हाय. आन् आमच्या वढ्याला शिंदी नुसती गळून जाती. ती दिली तर चालंल का?" तेवढ्यात मागून एका तरुणाने विचारले, "आणि खजुराची बागच लावली तर?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींत पैसा गुंतलेला आहे. पहिल्यात तर त्याहून मोठी गोष्ट गुंतलेली आहे. त्यांची उत्तरे आज देतो. पण आधी फळांची ओळख करून घेऊ, कारण निम्मा घोळ नावातच आहे.

शिंदी आणि खजूर ही चुलत भावंडे समजा. दोन्हींचे कूळ एक, वंशही एक. दोन्हींत नराचे झाड वेगळे आणि मादीचे वेगळे, फळ धरते ते मादीलाच. फरक पडला तो माणसाच्या हाताने. खजूर हा इराक, इराण, अरबस्तान या मुलखात हजारो वर्षे निवडत आणलेला आहे. ज्या मादीचे फळ मोठे आणि गोड, तिच्या बुंध्याशी फुटलेली पिल्ले काढून लावायची, असे पिढ्यान् पिढ्या चालले. शिंदीला कोणी निवडले नाही. पाखरांनी आणि कोल्ह्यांनी जिथे बी टाकले तिथे ती उगवली. म्हणून तिच्या फळात गर पातळ आणि बी मोठी.

हे घरच्या तागडीवर बघता येते. पाव किलो पिकलेली शिंदी घ्या आणि पाव किलो खजूर घ्या. दोन्हींच्या बिया काढा, धुऊन पुसा आणि निरनिराळ्या जोखा. खजुरात शंभर ग्रॅमला बी साधारण १० ते १५ ग्रॅम भरते, बाकीचा सगळा गर. शिंदीत तागडी बीच्या बाजूला किती झुकते ते तुमचे तुम्हीच पाहा. शाळेतल्या मुलांकडून हा प्रयोग करून घ्या, गुरुजींनाही आवडेल.

आता नावांचा घोळ. खजुराचे फळ झाडावर चार अवस्थांतून जाते. आधी हिरवे आणि कडक. मग जातीप्रमाणे पिवळे किंवा लाल, कुरकुरीत. मग टोकाकडून मऊ पडत तपकिरी होते. आणि शेवटी सुरकुतून, पाणी आटून, साखर घट्ट होऊन पक्का खजूर होतो. गुजरातेतल्या कच्छमध्ये दुसऱ्या अवस्थेतले पिवळे-लाल ताजे फळ विकतात आणि त्याला म्हणतात खारेक. आपण खारीक म्हणतो ती वाळलेली, ओटीत घालायची, डिंकाच्या लाडवात कुटून टाकायची. ती बहुतेक याच दुसऱ्या अवस्थेतली फळे उकळून उन्हात वाळवून करतात. तेव्हा कच्छचा व्यापारी खारेक म्हणाला आणि आपण खारीक समजलो, तर सौदा फसलाच म्हणून समजा. कच्छी खारकेला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जून-जुलैत मोठ्या बाजारांत पिवळ्या फळांचे घोस टांगलेले दिसतात, ते बहुधा तिकडचे.

म्हणजे आपल्यापुढे चार वस्तू आहेत: ओढ्याची शिंदी, कच्छची ताजी खारेक, वाळलेली खारीक आणि बाहेरचा खजूर. यांची तुलना करताना लोक सरळ चवीवरून किंवा भावावरून बोलतात. पण खरा फरक आहे पाण्याचा. शंभर ग्रॅम पक्क्या खजुरात पाणी असते सुमारे २० ग्रॅम. ताज्या पिवळ्या फळात ते ६० ग्रॅमच्या आसपास जाते. वाळलेल्या खारकेत खजुराहूनही कमी. शिंदी आपण ताजीच खातो, म्हणून तिच्या गरातही पाणी भरपूर. पाणी जास्त तिथे साखर कमी, हा हिशेब उसाच्या रसाला जसा लागू तसाच इथेही. एक किलो ताज्या खारकेत घन भाग ४०० ग्रॅम धरला, तर खजुरात तो ८०० ग्रॅम आहे. म्हणजे ताज्या फळाचा भाव खजुराच्या निम्म्याहून जास्त असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देत आहात. हौसेने खायला हरकत नाही, पण ताकदीचे म्हणून घेत असाल तर हा भागाकार करा.

बाहेरच्या खजुरातही प्रकार पुष्कळ आहेत. इराकचा झाहिदी सोनेरी, थोडा कोरडा, टिकाऊ आणि तुलनेने स्वस्त. इराणचा मझाफती काळा, मऊ, रसाळ. त्यात पाणी जास्त, म्हणून तो थंडाव्यात ठेवावा लागतो, उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर आंबतो. मेडजूल सगळ्यांत मोठा, एकेक फळ २० ग्रॅमच्या घरात भरते. मदिनेकडची अजवा काळी आणि बारीक सुरकुत्यांची. तिला धार्मिक मान आहे आणि भावही तसाच. पूर्वी बसऱ्याहून गलबतांतून खजूर मुंबईला उतरायचा, आणि चेपून बांधलेल्या खजुराला आपण पेंडखजूर म्हणत आलो. आजही जगात सर्वांत जास्त खजूर आयात करणाऱ्या देशांत आपला देश पुढे आहे. एकादशीला लागतो, रमजानात रोजा सोडायला लागतो, बाळंतिणीला लागतो. घर कुठल्याही धर्माचे असो, खजूर सगळ्यांकडे जातो.

वाळलेली खारीक पूर्वी मोठ्या प्रमाणात पाकिस्तानातल्या सिंधमधून येई. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिकडच्या मालावर २०० टक्के आयात शुल्क बसले आणि मे २०२५ मध्ये आयात पूर्ण बंद झाली. लग्नसराईत खारकेचा भाव ऐकून दचकलात, तर त्याचे एक कारण हे.

जात कोणतीही असो, गराचा कस जवळपास सारखाच. शंभर ग्रॅम खजुरातून सुमारे २८० कॅलरी उष्मांक मिळतात. साखर ६५ ग्रॅमच्या आसपास, प्रथिने जेमतेम दोन-अडीच ग्रॅम, चोथा सात-आठ ग्रॅम. पोटॅशियम चांगले, साडेसहाशे मिलिग्रॅमच्या वर. 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. दोनशे रुपयांचा खजूर आणि बाराशे रुपयांचा खजूर यांत जो फरक आहे तो फळाचा आकार, मऊपणा, नाव आणि डबा यांचा. अंगी लागणाऱ्या गोष्टींत म्हणावा तसा फरक नाही. माझे स्पष्ट मत असे, की घरात रोज खाण्यासाठी साधा झाहिदी पुष्कळ झाला.

उष्मांकाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. एका मोठ्या भाकरीला ८० ग्रॅम पीठ लागते असे धरा. त्या भाकरीची शक्ती आणि शंभर ग्रॅम खजुराची शक्ती साधारण सारखी. नांगरणीला किंवा कांदा काढणीला जाताना मूठभर खजूर बरोबर ठेवला तर तरतरी येते, ती या साखरेमुळे. पोट साफ राहते ते चोथ्यामुळे. खजुराचा हा गुण पक्का आहे, तो कोणी नाकारू नये. मात्र घरात मधुमेहाचे माणूस असेल तर "गोड असला तरी फळच आहे" म्हणून त्याला ताटलीभर देऊ नका. चार फळांत वीस ग्रॅमच्या आसपास साखर जाते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनीही पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच खावा.

आता सासूबाईंचा प्रश्न, रक्ताचा.

खजुराने रक्त वाढते हे आपल्याकडे घरोघर म्हणतात. फळ काळसर तांबडे, म्हणून ते रक्ताचे, असाही समज आहे. रक्तासाठी लागते लोह. खजुरातल्या लोहाचे आकडे तक्त्यागणिक वेगळे सापडतात. परदेशी तक्त्यांत शंभर ग्रॅमला सुमारे १ मिलिग्रॅम दिलेले आहे, आपल्याकडच्या जुन्या तक्त्यांत ते ७ मिलिग्रॅमपर्यंत छापलेले होते. भांडत बसायला नको, मोठ्यातला मोठा आकडा धरू. सूनबाई दिवसाला चार खजूर खाणार, म्हणजे ३० ग्रॅम. त्यातून लोह मिळेल २ मिलिग्रॅम. लहान आकडा धरला तर मिलिग्रॅमचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. आणि गरोदर बाईची रोजची गरज, आपल्या राष्ट्रीय शिफारशीप्रमाणे, २७ मिलिग्रॅम. बघा, कुठे दोन आणि कुठे सत्तावीस!

आरोग्य केंद्रात गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून जी लाल गोळी फुकट देतात, तिच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढे लोह खजुरातून मिळवायचे तर मोठ्या आकड्याने पाऊण किलोहून जास्त आणि लहान आकड्याने सहा किलो खजूर रोज खावा लागेल. कोण खाईल? म्हणून त्या माउलींना मी सांगितले आणि तुम्हालाही सांगतो, की महागडा डबा आणला म्हणून गोळी बंद करू नका. हे मुद्दाम बजावतो, कारण तसे होते. गोळीने मळमळते, शौचाला काळी होते, म्हणून सूनबाई गोळ्या फडताळात ठेवते आणि घरची माणसे "खजूर चालू आहे ना" म्हणून निर्धास्त राहतात. बाळंतपणात रक्त कमी असणे म्हणजे आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ. आपल्या राज्यात दर दोन बायांमागे निदान एकीला रक्त कमी आहे, असे सरकारच्या पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात दिसले. हे दुखणे कुठल्या एका गावाचे नाही.

गोळी जेवणानंतर घ्यावी म्हणजे मळमळ कमी होते. चहाबरोबर घेऊ नये, दुधाबरोबरही घेऊ नये, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, कारण चहा आणि कॅल्शियम लोहाला आतड्यात अडवतात. त्रास जास्त झाला तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा, पण मनाने सोडू नका. दुधात भिजवलेली खारीक अशक्त माणसाला चांगली, दुधातली प्रथिने आणि खारकेची साखर मिळते. फक्त ती रक्ताची म्हणून देऊ नका.

लोह शोधायचेच असेल तर ते आपल्याच कणगीत आहे. बाजरीत शंभर ग्रॅमला सहा ते आठ मिलिग्रॅम. हुलग्यात सात-आठ मिलिग्रॅम. दोन वेळा एकेक मोठी बाजरीची भाकरी खाल्ली तरी दहाच्या आसपास होते. धान्यातले लोह अंगी कमी लागते हे खरे, म्हणून भाकरीबरोबर लिंबू पिळा, आवळ्याची फोड ठेवा, मोड आलेली मटकी खा. आंबटातले 'क' जीवनसत्त्व लोह अंगी लावायला मदत करते. धनशक्ती नावाची बाजरी मुद्दाम जास्त लोहासाठी काढलेली आहे, बी मिळाले तर एखादा तुकडा घरच्या खाण्यापुरता जरूर पेरा. हुलग्याचे माडगे आणि बाजरीची भाकरी हे आपल्या भागातले जुने जेवण. ते सोडून डब्याच्या मागे धावण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

मग शिंदी? गोडी तिच्यातही आहे, पण फळागणिक गर इतका थोडा, की पोट भरायचे तर टोपली लागेल. तिला औषध म्हणून डोक्यावर घेऊ नका आणि टाकाऊ म्हणून हिणवूही नका. पोरांना मिळणारा तो फुकटचा रानमेवा आहे. नारिंगी फळ तुरट लागते, जीभ चरचरते. पूर्ण गर्द तांबूस-काळपट आणि मऊ झालेलेच खावे. घोस पिवळा-नारिंगी झाल्यावर उतरवून गवतात झाकून ठेवला तर दोन-तीन दिवसांत फळे उतरत जातात, ती तशी वेचून, धुऊन पोरांना द्या. झाडाला दगड मारण्यापेक्षा हे बरे, दगडाने पोरांची डोकीही फुटतात. पावसात भिजून आंबूस वास सुटलेली फळे मात्र टाकून द्या. बांध सरळ करताना जेसीबीवाला आधी शिंदी उपटतो. ओढ्याची कड धरून ठेवणारे, पाणी न मागता उभे राहणारे झाड दोन फूट जमिनीसाठी घालवू नका. आणि शिंदीचा रस काढायला परवाना लागतो, हेही लक्षात ठेवा.

खजूर विकत घेताना काय पाहावे ते थोडक्यात सांगतो. अति चकचकीत, बोटाला ओशट चिकटणारा खजूर असेल तर त्यावर पाक किंवा तेल फिरवलेले असू शकते. असा घेऊ नये. फळ उघडून आत पाहा. आत किडे किंवा बारीक भुसा दिसला तर माल जुना. पृष्ठभागावर पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका, कोमट पाण्यात चोळून पाहा. विरघळले तर ती साखर, लव निघाली तर बुरशी. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रमजान तोंडावर आला की भाव चढतो, तेव्हा बेगमी महिना-दीड महिना आधी केलेली बरी.

राहिला तरुण मित्राचा प्रश्न, बागेचा.

कच्छ, राजस्थान या भागांत बारही जातीच्या बागा झाल्या आहेत आणि आपल्या राज्यातही काहींनी लावल्या आहेत. बारही मूळची बसऱ्याकडची. ती पिवळी असतानाच गोड लागते, तुरट नसते, म्हणून ताजी विकता येते. ऊतिसंवर्धित रोप मादीचेच असते ही त्याची मोठी सोय. डब्यातल्या खजुराची बी लावून बाग होत नाही. निम्मी झाडे नर निघतात आणि मादी निघाली तरी फळ आईसारखे येईल याचा भरवसा नाही. मात्र ऊतिसंवर्धित रोपाला साधारण तीन ते चार हजार रुपये पडतात. पंचवीस-पंचवीस फुटांवर एकरी साठ-पासष्ट रोपे धरली तर रोपांनाच दोन लाखांच्या वर गेले. फळ धरायला तिसरे-चौथे वर्ष उजाडते. नर फुलांची पूड मादीच्या फुलांवर हाताने घालावी लागते, पानांचे काटे छाटावे लागतात, झाड वाढेल तशी शिडी उंच लागते. गेंडा भुंगा आणि सोंड्या भुंगा खोड पोखरतात, त्यावर नजर ठेवावी लागते.

याहून मोठी अडचण पावसाची. अरब म्हणतात, खजुराचे पाय पाण्यात आणि डोके आगीत हवे. आपल्याकडे फळ पिवळे होण्याची वेळ आणि मृग-आर्द्राची वेळ एकच. पिकत्या फळावर पाऊस पडला की साल तडकते, फळ आंबते. त्यामुळे घाटघर, आहुपे, भीमाशंकर या पश्चिमेकडच्या पट्ट्यात हा विचारही करू नका. आणे-बेल्ह्याकडे किंवा लोणी-धामणीकडे पाऊस कमी आहे, तिथे विचार करता येईल. पण तिथेही जून-जुलैत घोसांना आच्छादन घालून पिवळे फळच ताजे विकावे लागेल. झाडावर पक्का खजूर होईल अशी आशा धरू नका. कोणी रोपे विकताना "माल आम्हीच उचलू" म्हणाला तर ते कागदावर घ्या आणि आधी त्याची निदान सहा-सात वर्षांची चालू बाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या, तीही जुलै महिन्यात, पाऊस पडत असताना.

एक गोष्ट खजुराच्या बाजूने सांगितली पाहिजे. हे झाड क्षार सहन करते. विहिरीचे पाणी मचूळ आहे, डाळिंब टिकत नाही, ऊस पिवळा पडतो, अशी निचऱ्याची पण क्षारट जमीन कोणाची असेल तर त्याने बांधावर आठ-दहा झाडे लावून अनुभव घ्यावा. एकदम एकर गुंतवू नये. त्याआधी मातीचा आणि पाण्याचा नमुना तपासून घ्या. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करा. नमुना घेताना बांधाजवळची आणि खताच्या उकिरड्याजवळची जागा सोडा, आणि पाण्याची बाटली त्याच विहिरीच्या पाण्याने तीन वेळा विसळून मग भरा.